तिथीने मोजलेला ताप

गेल्या चतुर्थीपासून आडबंदरात अनुजा कुबलना नावाने हाक मारणारे दोघेच उरले होते: एक त्यांचा नवरा आणि दुसरं सरकारी टपाल. बाकी सगळा गाव त्यांना धूरबाय म्हणत होता.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. अनुजाबाई आडबंदरच्या आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका. आठवड्यात किती जणांना ताप आला ते मोजायचं आणि आकडा वर कळवायचा, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. वरच्या कार्यालयाने प्रत्येक आठवड्याला एक मर्यादा ठरवून दिलेली असे. ती काढायची रीत सोपी होती. मागच्या पाच वर्षांत त्याच आठवड्यात सरासरी किती जण तापले ते बघायचं, आकडे दरवर्षी किती वरखाली होतात ते मोजायचं, त्याची दुप्पट सरासरीत मिळवायची. जो आकडा येईल त्याच्या आतला ताप म्हणजे ताप आणि त्याच्या वरचा ताप म्हणजे साथ. डासाला यातलं काही ठाऊक नसतं, पण कार्यालयाला डासावर विसंबून चालत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याची मर्यादा होती सत्तावीस. अनुजाबाईंच्या वहीत झाले एक्केचाळीस. त्यांनी इमानाने कळवलं, आणि यंत्रणा पहिल्यांदाच वेळेवर हलली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुराचं यंत्र घेऊन गाडी आली ती थेट गंगाराम तांडेलाच्या अंगणात. गंगाराम म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांचा म्होरक्या, वय वर्षं अडुसष्ट, आवाज मोठ्या वाऱ्यात होडी वळवायच्या उपयोगाचा. घरात आरती रंगात आली होती. धूर शिरला. आधी टाळ वाजवणाऱ्याला टाळ दिसेना, मग गुरवाला निरांजन दिसेना, शेवटी गणपती दिसेना. मुंबईहून आलेल्या एका चुलतभावाने हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि ‘आमच्या गावात साथ’ असं लिहून जगाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फिलोमिनाबाईंच्या घरी भाड्याने राहायला येणारी दोन पर्यटक कुटुंबं आलीच नाहीत. समुद्राकडे तोंड केलेल्या त्यांच्या दोन खोल्या दिवाळीपर्यंत समुद्राकडे बघत बसल्या.

आणि एक्केचाळीसांपैकी एकालाही डेंग्यू नव्हता. मुंबईहून चौदा तास गाडीच्या खिडकीत बसून भिजत आलेले, आल्या आल्या विहिरीवर आंघोळ केलेले, आणि एका बैठकीत सोळा मोदक खाल्लेले, असे ते एक्केचाळीस जण होते.

त्यानंतर अनुजाबाई घराघरांतली पिंपं आणि टाक्या तपासायला निघाल्या की एक विचित्र साथ पसरायची. त्या कडी वाजवायच्या, आणि आतून आवाज यायचा, “घरात कोण नाय गो!”

आता दुसऱ्याच्या पिंपात डोकावणं हेच जिचं काम, तिला कोणी पिंप दाखवेना झालं तर उरतं काय? ताप मोजता येतो, पण तो मोजून झाल्यावर लोकांनी ऐकायला हवं. ते बंद झालं होतं. खरी साथ आली तर आपण कडी वाजवत बसू आणि गाव आतून घरात नसेल, ही भीती त्या बाईंना वर्षभर खात होती. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे. तोही त्या आरतीत होता.

जुलैत नव्या वर्षाच्या मर्यादा आल्या. अनुजाबाईंनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याची मर्यादा होती सेहेचाळीस. गेल्या वर्षी सत्तावीस, यंदा सेहेचाळीस. म्हणजे गेल्या वर्षी आपण खोटी हाकाटी केली, तिचे एक्केचाळीस जण सरासरीत जाऊन बसले आणि मर्यादा फुगली. आता पंचेचाळीस जण फणफणले तरी आडबंदर निरोगीच.

त्या विचार करत भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर एकादशी, संकष्टी, भरती-ओहोटी आणि दुधाचे खाडे, असं गावाला लागणारं सगळं होतं. यंदा चतुर्थी चौदा सप्टेंबरला. गेल्या वर्षी सत्तावीस ऑगस्टला होती. त्याच्या आदल्या वर्षी सात सप्टेंबर. त्याच्याही आदल्या वर्षी एकोणीस.

गुन्हेगार असा सापडला. बारा महिने डोक्यावरच लटकत होता.

चतुर्थीला गावात मुंबईची माणसं येतात, गाव दुप्पट होतो, ताप दुप्पट होतो. पण चतुर्थी तिथीने येते, आणि कार्यालय मोजतं तारखेने. तारीख जागेवर बसते आणि तिथी तिच्या आजूबाजूला फुगडी घालते. एखाद्या वर्षी चतुर्थी नेमकी शांत आठवड्यात येऊन पडते आणि कॉम्प्युटर साथ साथ म्हणून ओरडतो. पुढच्या वर्षी ती तिथून उठून जाते, मागे फुगलेली मर्यादा ठेवून. त्यात यंदा धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना आला होता. सगळे सण तीन आठवडे पुढे सरकले होते. कॉम्प्युटरला धोंड्याचा महिना ठाऊक असायचं कारण नाही. त्याला सासुरवाडी नसते.

अनुजाबाईंनी एक दोनशे पानी वही घेतली आणि पाच वर्षांचे आकडे तिथीने लावले. श्रावणातला पहिला आठवडा श्रावणातल्या पहिल्या आठवड्याखाली, चतुर्थीचा चतुर्थीखाली. रोज जेवणानंतर थोडं थोडं करत त्यांनी ते आठ दिवसांत पुरं केलं, आणि आकडे असे शहाण्यासारखे ओळीत बसले की त्यांना पहिल्यांदा आकड्यांची माया वाटली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात पाच वर्षं सहा, पाच, सात, चार, आठ. मर्यादा नऊ. चतुर्थीच्या आठवड्याची चव्वेचाळीस.

वही घेऊन त्या तालुक्याला विनीतसरांकडे गेल्या. विनीतसर हे तिशीतले, कसालचे, आणि साथीच्या आकड्यांचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली एक कॉम्प्युटर होता, आणि कधी कधी ते त्याच्या हाताखाली असत.

“मॅडम, मला पटतंय,” विनीतसर वही चाळून म्हणाले. “आमच्याकडेही चतुर्थीत तीच गर्दी असते. पण सिस्टीममध्ये भाद्रपद नाही.”

“मग घाला की.”

“मी कोण घालणारा? आठवडा एक ते बावन्न. श्रावण टाकायला गेलो तर ते म्हणतं, योग्य संख्या भरा.”

“मग यंदा श्रावणात साथ आली तर?”

“मर्यादा सेहेचाळीस आहे, मॅडम. सेहेचाळीस होईपर्यंत येणार नाही.” मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याची थोडी लाज वाटली. “शेऱ्याचा एक रकाना आहे. चाळीस अक्षरं मावतात. त्यात काय हवं ते लिहा.”

“तो वाचतो कोण?”

“तसं अजून कोणी विचारलेलं नाही.”

नारळी पौर्णिमा आली होती अठ्ठावीस ऑगस्टला. तिला चार दिवस असताना अनुजाबाईंनी आठवड्याची बेरीज केली. तेरा. त्यांनी पुन्हा मोजले. तेराच. तपासणीच्या किटवर तीन जण डेंग्यूचे निघाले होते. मुंबईचा एकही माणूस गावात नव्हता.

त्यांनी विनीतसरांना फोन केला.

“तेरा? मॅडम, सेहेचाळीसला तेहेतीस कमी आहेत.”

“तिघांची किट डेंग्यूची आहे.”

“किट धरत नाहीत. रक्त पाठवा. अहवाल आला की बघू.”

“कधी येतो?”

“गणपतीच्या आत यायला हवा,” विनीतसर म्हणाले, आणि कुठला गणपती हे त्यांनी मोघम ठेवलं.

तेरातले अकरा जण किनाऱ्यालगतच्या वाडीतले होते. अनुजाबाई छत्री घेऊन तिकडे गेल्या. किनाऱ्यावर माडांच्या सावलीत रापणीच्या सतरा होड्या ओळीने ओढून ठेवलेल्या होत्या. मोठे ट्रॉलर एक ऑगस्टलाच निघून गेले होते. सरकारी बंदी उठली की ते जातात, त्यांना तारीख पुरते. पण आडबंदरच्या रापणीच्या होड्या समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. नारळ द्यायचा पौर्णिमेला. आणि पौर्णिमा धोंड्याच्या महिन्याने एकोणीस दिवस पुढे ढकललेली. तेवढे दिवस होड्या जास्त बसून होत्या. त्यांच्यावरच्या ताडपत्र्यांना पोटं सुटली होती. दोन्ही कुशींना धक्क्यासाठी बांधलेले जुने टायर पावसाच्या स्वच्छ पाण्याने भरले होते. अनुजाबाईंनी एका टायरातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतलं. वाडगं जिवंत झालं.

सतरा होड्या, प्रत्येकीला सहा-आठ टायर. डासांनी इतकी चांगली वसाहत स्वप्नातही मागितली नसती.

अडचण एकच होती. पौर्णिमेआधी होडीला हात लावायचा नाही, असा आडबंदरचा रिवाज होता. आणि तो सांभाळणारा माणूस होता गंगाराम तांडेल.

गंगाराम ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता, त्यामुळे त्याला घरात नसता येईना. बायको शेवंती दारात तांदूळ निवडत होती. शेजारच्या फिलोमिनाबाई गप्पांना आलेल्या.

“इली धूरबाय,” गंगाराम जाळ्याला म्हणाला. “शेवंती, निरांजन झाकून ठेव गो.”

“धूर नाय हाडलंय,” अनुजाबाई म्हणाल्या. “ह्या बघा.” आणि त्यांनी वाडगं पुढे केलं.

गंगारामाने कोळंबी निरखावी तसं वाकून पाहिलं. “सुंगटां बारकी दिसतत.”

“डासाची पोरां ती. तुमच्या होडयेच्या टायरातली.”

“आमच्या होडयेत सगळ्यांका जागा आसा. किती जण तापले?”

“तेरा.”

“तेरा!” गंगाराम फिलोमिनाबाईंकडे वळला. “ऐकलंस मगे? गेल्या वर्सा एक्केचाळीस म्हणान आमच्या देवाक धुरी दिल्यानी. यंदा तेरावरच इली. फुडल्या वर्सा एक शिंकलो तरी गाडी येतली.”

“माज्यो दोन खोल्यो रिकाम्यो पडल्यो गो बाय तुज्यापायी,” फिलोमिनाबाईंनी आपलं दुःख मधे सारलं. “लोकांका वाटलां आडबंदरात कॉलरा आसा.”

अनुजाबाई पायरीवर बसल्या. समजावून सांगायचं म्हणून त्या येताना बरंच काही जुळवून आल्या होत्या. ते सगळं त्यांनी छत्रीबरोबर बाजूला ठेवलं.

“गेल्या वर्सा माजा चुकला,” त्या म्हणाल्या.

सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य त्या ओसरीवर पूर्वी कधी आलं नव्हतं. शेवंतीचा हात सुपात थांबला.

“कसा काय चुकला?” गंगारामाने विचारलं.

“ताप तारखेन मोजलंय. चवथ येता तिथीन. चवथीची गर्दी मी साथ समजलंय. आता वहीत सगळा तिथीन लावलंय. पुनवेच्या आदल्या आठवड्यात गावात नऊच्या वर ताप कधी जावक नाय. यंदा तेरा. एक पण मुंबईकार नाय त्येच्यात.”

गंगारामाने सुई जाळ्यात खोचून ठेवली. ज्याचं जाळं, होडी, लग्न, घर आणि उपास सगळं तिथीवर चालत आलं होतं, त्याला ही बातमी पचायला जड होती.

“म्हणजे इतकी वर्सां तुमी तारखेन मोजीत होतास?”

“व्हय.”

“सरकार?”

“सगळा सरकार.”

“आणि चवथ फिरता ह्या त्येंका म्हायत नाय?”

“त्येंच्या कॉम्प्युटराक भाद्रपद नाय.”

गंगाराम हसायला लागला. आधी खांदे, मग पोट, मग जाळं. “शेवंती! ऐकलंस गो? भाद्रपद नाय त्येंका! शिकान शिकान भाद्रपद हरवल्यानी!”

“आमचो ईस्टर पण फिरता,” फिलोमिनाबाई गंभीरपणे म्हणाल्या. “तो तरी आसा काय वहीत?”

“नाय,” अनुजाबाईंनी कबूल केलं. “घालतंय.”

“घाल. आमचे गोंयकार पावणे येतत तेवा. तेंचो पण ताप मोजूक होयो.”

हसणं ओसरल्यावर गंगारामाने वाडगं परत हातात घेतलं. या वेळी सुंगटं म्हणाला नाही. “पण पुनवेआधी होडयेक हात लावूचो नाय, ह्या तुका म्हायत आसा.”

“होडी पाण्यात घालूक मी सांगणय नाय. होडयेतला पाणी भायर काढूक सांगतंय.”

हा मुद्दा गंगारामाला नवा होता. होडी पाण्यात जाणं आणि पाणी होडीतून जाणं या दोन गोष्टींबद्दल वाडवडिलांनी वेगवेगळं काही सांगून ठेवलेलं नव्हतं. त्याने जाळ्याचे चार टाके घातले.

“माज्या हातात काय नाय,” तो शेवटी म्हणाला. “राखणदाराक इचारूचा लागतला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच्या राखणदाराच्या दगडापाशी सतरा होड्यांची माणसं जमली. गंगारामाने नारळ ठेवला, टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं. अनुजाबाई मागे उभ्या होत्या. वही छातीशी.

“बा देवा राखणदारा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“पुनवेक अजून तीन दीस आसत, आणि आज आमी होडयेक हात लावतव. कित्याक? तर ह्या बायच्या वहीत नऊच्या जागेर तेरा इले, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही वही तिथीन लिवलेली आसा, म्हाराजा! सरकाराक भाद्रपद म्हायत नाय, तो त्येंचो दोष. त्येंका बुद्धी दी.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्येच्यात काय चूकभूल झाली तर ती धूरबायच्या पदरात घाल, आणि मासळी आमच्या पदरात घाल, म्हाराजा!”

हे ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठं झालं. अनुजाबाईंनीही म्हटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या आकडेवारीला वरिष्ठांची मंजुरी इतक्या लवकर कधी मिळाली नव्हती.

दुपारपर्यंत सतरा होड्यांच्या ताडपत्र्या ताणून झाल्या. टायर उपडे झाले आणि त्यांना खालून भोकं पडली. मग उत्साह होताच म्हणून माणसं माडांखाली पडलेल्या करवंट्यांवर वळली. घराघरांतून बायका स्वतःच हाका मारू लागल्या. “आमचा पिंप बघ गो!” ज्यांच्या घरी वर्षभर कोणी नव्हतं, त्यांच्या घरी त्या दिवशी सात-सात माणसं निघाली. अनुजाबाईंनी एका दिवसात एकोणसाठ पिंपं पाहिली आणि चहा अकरा ठिकाणी घेतला. रात्री झोप आली नाही, पण तो दोष चहाचा.

पुढच्या आठवड्यात अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात सात. मग चार. दोघांना तालुक्याला नेऊन सलाइन लावावं लागलं, तीही माणसं चालत घरी आली. पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या आणि पहिल्याच ओढीला बांगडा बरा मिळाला, त्याचं श्रेयही काही लोकांनी वहीला दिलं. वरून पत्र आलं: आडबंदर येथे सदर कालावधीत कोणतीही साथ आढळली नाही, सबब सेहेचाळीस ही मर्यादा योग्य ठरली आहे. अनुजाबाईंनी ते पत्र वहीत घातलं. जाड होतं, पान राखायला बरं.

आणि चौदा सप्टेंबरला चतुर्थी आली. मुंबई उतरली. गाव दुप्पट झाला. चौथ्या दिवशी अनुजाबाईंच्या वहीत आकडा झाला छत्तीस. सगळ्यांची किट कोरी, मोदकांची संख्या नेहमीची. तिथीची मर्यादा चव्वेचाळीस होती, त्यामुळे अनुजाबाई निवांत होत्या. पण तारखेची मर्यादा होती पस्तीस. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘चतुर्थी आहे. साथ नाही. धूर नको.’ ते चाळीस अक्षरांत मावलं. आणि कोणी वाचलं नाही.

संध्याकाळी धुराची गाडी आली. यंत्र चालवणारा ओमकार गेल्या वर्षीचाच होता. त्याने गाडी गावाच्या तोंडाशीच थांबवली, कारण वाटेत गंगाराम उभा होता. हातात टाळ, मागे अर्धी आरती.

“किती झाले?” गंगारामाने विचारलं.

“काका, माका काय म्हायत? कागदावर छत्तीस आसा,” ओमकार म्हणाला. “मर्यादा पस्तीस.”

“ती तारखेची. तिथीची चव्वेचाळीस. आठ कमी आसत.”

“काय?”

“अजून आठ तापाचे होये. झाले की मी सवता फोन करतंय. तवसर गाडी थंय लाव, चप्पल काढ, आणि आरतीक ये.”

ओमकारने अनुजाबाईंकडे पाहिलं. अनुजाबाईंनी विनीतसरांना फोन लावला. विनीतसर कसालला स्वतःच्या घरच्या गणपतीपुढे होते. मागे झांजा इतक्या वाजत होत्या की त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. ते एवढंच ओरडले, “मॅडम, जे काय असेल ते शेऱ्यात लिहा!” तेव्हा अनुजाबाईंनी ओमकारच्या कागदावर शेरा लिहिला आणि सही केली. ओमकारने चप्पल काढली. आरतीत त्याचा आवाज चांगला निघाला. गेल्या वर्षी तो यंत्राच्या आवाजात कळला नव्हता.

आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तोच शेवंती गर्दीतून वाट काढत आली. तिने मुंबईच्या एका पुतण्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

“धूरबाय, ह्येका धर. सकाळधरना खोकता. लिव, सदतीस. आता सातच रवले.”

पुतण्या तिशीतला, बँकेत साहेब होता. त्याने सुटायचा प्रयत्न केला, पण शेवंतीचा हात रापण ओढून घट्ट झालेला. अनुजाबाईंनी पिशवीतून थर्मामीटर काढलं, त्याच्या काखेत लावलं. सगळी ओसरी भोवती जमली. गंगारामाने टाळ ठेवता ठेवता हातातच धरले. फिलोमिनाबाईंनी करंजीचा घास तसाच तोंडात धरला. अनुजाबाईंनी थर्मामीटर दिव्याकडे नेऊन वाचलं.

“ताप नाय. नुसतो खोकलो.”

“मगे लिवू नको,” शेवंती हात सोडत म्हणाली. “आठच रवले.”